जुनी पाण्याखालची स्कूटर फ्रीडायव्हिंगसाठी बदलायची आहे (सातारा-सांगलीतल्या जाणकारांनो, या इकडे)

माहुलीकर

नमस्कार मंडळी. मालवणात एका जलक्रीडावाल्याने धंदा आवरला, तेव्हा त्याच्याकडची पाण्याखालची स्कूटर मला जवळजवळ भंगाराच्या भावात मिळाली. पुढे पंखा, त्याभोवती जाळी, मागे दोन मुठी, मधे बॅटरीचं पोट. दोन्ही मुठींवरचे खटके एकदम दाबले तरच पळते. आत १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी (यूपीएसमध्ये असते तीच). मोटर ब्रशवाली, पट्टीवर १५० वॅट लिहिलंय. अंगावरच्या स्टिकरवर २० मीटर. काट्यावर ८ किलो भरली.

मी स्कूबावाला नव्हे. पाठीवर नळकांडं नको, एका दमात जायचं आणि यायचं, एवढाच नाद. रीतसर कोर्स केलाय. फिन्स घालून १५ मीटर आरामात होतात, पुढे कान कुरकुरतात.

डोक्यात असं आहे: बॅटरी लिथियमची करायची. मोटरला थोडे जास्त व्होल्ट देऊन वेग वाढवायचा. निसटू नये म्हणून मनगटाला दोरी. आणि चाचण्या इथेच घ्यायच्या, विहीर, शेततळं, धरण, जिथे जमेल तिथे. दर वेळी घाट उतरून समुद्र गाठणं नोकरीवाल्याला झेपत नाही.

कुणी हे केलंय का? नसेल तर निदान शहाणपण सांगा.

हरिपूरचा_बाळ्या

औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात सोडा की कृष्णेत. मगर मागं लागली की वेग आपोआप वाढतोय. मोटरचा खर्च वाचला!

जुनं_खोड

आमच्या वेळी कमरेला भोपळा बांधून विहिरीत ढकलून देत. आता बुडायलाही मोटर पाहिजे. चालू द्या.

वाइंडिंगवाला

मिरजेत पंपाच्या मोटरी भरण्यात माझी हयात गेली. स्कूटर कधी हातात घेतली नाही, पण पाण्यातली मोटर आणि फिरणारा पंखा म्हटल्यावर ती आमच्याच भावकीतली. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून उभा आहे, त्यामुळे या जिल्ह्यात पंपाचं थोडंफार प्रत्येकालाच कळतं. म्हणून बोलतो.

आधी व्होल्ट वाढवायचं डोक्यातून काढा. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ओढ चौपट होते आणि ताकद आठपट लागते. दीडशे वॅटच्या मोटरीवर थोडे व्होल्ट चढवून वेग नावापुरता वाढेल, कम्युटेटर (ज्यावर ब्रश घासतात तो भाग) मात्र काळा पडेल. ती बंद पोटात बसलेली आहे, तिला वारा नाही. हाच हिशेब उलटा लावा: वेग वीस टक्के कमी केला तर वीज निम्मीच लागते. म्हणजे तेवढ्याच बॅटरीवर दुप्पट वेळ, आणि अंतर दीडपटीहून जास्त. स्पीड कंट्रोलर घाला, पण खाली आणायला.

आता बॅटरी. ७ ॲम्पिअर-तास हा आकडा वीस तासांत थेंबथेंब काढल्यावरचा असतो. तुमची मोटर १२-१३ ॲम्पिअर खेचणार, तेवढ्या ओढीला लेड-ॲसिड छापील आकड्याच्या बरीच खाली येते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२६५० मापाचे चार सेल सिरीजमध्ये जोडा: १२.८ व्होल्ट, ६ ॲम्पिअर-तास. सोलरच्या पथदिव्यांत हेच असतात, त्या दुरुस्तीवाल्यांकडे मिळतात. साध्या लिथियम-आयनपेक्षा हे १२ व्होल्टच्या यंत्राला नीट जुळतात आणि सहसा भडकत नाहीत. घेताना तराजूवर टाका. एक सेल १४० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, फार हलका निघाला तर माल खोटा. चार्जर १४.६ व्होल्टला थांबणारा, याच बॅटरीसाठीचा घ्या, यूपीएसचा जुना नको. बीएमएस (सेल सांभाळणारं आणि ते संपत आले की वीज तोडणारं सर्किट) ३०-४० ॲम्पिअरचा घ्या, कारण मोटर सुरू होताना चालत्या करंटच्या कितीतरी पट झटका मारते.

आणि हे नीट वाचा. लेड-ॲसिड दमत दमत जाते. आवाज उतरतो, पंखा मंदावतो, माणसाला कळतं की आता परतावं. लिथियम शेवटपर्यंत ताठ असते आणि बीएमएसने तोडलं की एकदम शांत. व्होल्टमीटर लावून उपयोग नाही, या सेलचं व्होल्टेज संपेपर्यंत जवळजवळ सपाटच राहतं. मिनिटं मोजा. कागदावर २८ मिनिटं येतात, तुम्ही मोटर १५ मिनिटं चालली की चार्जिंगला लावा.

माहुलीकर

काका, दंडवत. व्होल्टचा विषय संपला.

दमसास

धागा वाचून बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. मी बरीच वर्षं फ्रीडायव्हिंग करते, माहेर कराड. प्रीतिसंगमावर पोहायला शिकले, खोल जायला समुद्रात.

माहुलीकर, तुमच्या यादीत खरी गोष्टच नाही. नाक दाबायला हात कुठून आणणार?

खाली जाताना कानातला दाब सारखा करायला आपण मास्कच्या वरून नाक चिमटीत धरतो. पहिल्या दहा मीटरमध्ये दाब एका वातावरणाचा दोन होतो, म्हणजे सगळ्यात मोठी उडी तिथेच असते. जवळजवळ दर मीटरला, कधी त्याही आधी, कान सोडवावे लागतात. तुमच्या स्कूटरला दोन हात, दोन खटके. तुम्ही नाक सोडून मुठी धरणार, यंत्र तुम्हाला डोकं खाली करून सेकंदाला मीटरभर खेचणार आणि कान पाच मीटरलाच ओरडणार. नाक न दाबता कान सोडवणारे लोक असतात, पण ते सरावाचं आणि थोडं नशिबाचं काम आहे.

तेव्हा पहिला बदल हा: एका हाताची मूठ. मधोमध, पंख्याच्या अक्षाच्या रेषेत, आडवी टी-आकाराची. एका बाजूला लावली तर स्कूटर गोल गोल फिरवेल. खटका त्याच मुठीत. दुसरा हात कायम नाकाशी. आणि मान! स्कूटर कुठे चाललीय ते बघायला सगळे मान वर करतात. मान ताणली की घशाकडून कानाला जाणारी वाट आवळते. हनुवटी छातीकडे, नजर दोरीवर.

दुसरी गोष्ट बदलाची नाही, शिस्तीची आहे, पण तिच्यावर बाकीचं सगळं उभं आहे. स्कूटर घेऊन तेवढंच खोल जायचं, जिथून स्कूटर सोडून, फक्त पायांवर वर येता येईल. तुमचे पाय आज १५ मीटरचे आहेत. म्हणजे स्कूटर असली तरी १५, आणि सुरुवातीला त्याहून कमीच. यंत्र खाली नेतं तेव्हा श्वास खर्च होत नाही, म्हणून २५ मीटरसुद्धा सोपे वाटतात. मग काकांनी सांगितलं तसं बीएमएस झोपतं. फुफ्फुसं दबलेली असतात, अंग जड झालेलं असतं, आपोआप वर तरंगणं नाही. २५ मीटर स्वतः चढायचे, आणि हे पाय तेवढ्या खोलीतून कधी वर आलेलेच नाहीत.

मनगटाला दोरी तर मुळीच नको. त्यावर उद्या लिहिते, आत्ता पोरं शाळेतून आली.

लिंबूटिंबू

वाचतेय. शंका: दोन खटके एकदम दाबायची सोय कंपनीने मुद्दाम ठेवली असेल ना? ती काढून टाकली तर?

वाइंडिंगवाला

बरोबर शंका. दोन खटके असतात ते चुकून चालू होऊ नये म्हणून. एकावर आणायचं तर सुरक्षा दुसरीकडून भरून काढली पाहिजे.

या स्कूटरच्या खटक्यात बहुतेक चुंबक असणार आणि कवचाच्या आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा). ही पद्धत चांगली, कवचाला भोक पडत नाही. पण रीड स्विचमधून मोटरचा करंट थेट नेऊ नका, त्याचे पातळ संपर्क चिकटतील आणि बोट काढलं तरी मोटर चालूच राहील. रीडने फक्त इशारा द्यायचा, करंट मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक खटका) सोडायचा. आता मॉस्फेटची खोड अशी की जळताना तो बहुधा शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे चालू अवस्थेतच अडकतो. म्हणून बॅटरीच्या तारेत एक रिले, त्याला वेगळा रीड स्विच आणि वेगळा चुंबक. हा चुंबक मुठीशेजारी खाचेत बसवा, त्याला बोटभर दोरा. दोरा ओढला, चुंबक निघाला, रिले सुटला, सगळं मेलं. ट्रेडमिलवर लाल चावी असते तसं. बोट सोडल्यावर थांबलंच पाहिजे, आणि नाही थांबलं तर दुसरी चावी पाहिजे.

फ्यूज विसरू नका. बॅटरीच्या अगदी टर्मिनलला, तारेच्या दुसऱ्या टोकाला नव्हे.

हरिपूरचा_बाळ्या

दमसास ताई, दोरी का नको? स्कूटर हातातनं सुटली तर भर समुद्रात कुठं शोधायची? आमी पुरात गुळाच्या काहिलीत बसून जातो, तिलासुद्धा दोर बांधतो.

दमसास

काहील पाण्याच्या वर असते, बाळ्या. तुम्ही तिच्यात बसलेले असता, ती तुम्हाला खाली ओढत नाही.

समजा बोट सोडलं आणि मोटर थांबली नाही. दोरी मनगटाला असेल तर आठ किलोचा इंजिनवाला कुत्रा माणसाला ओढत नेणार. समजा थांबली, पण ती जाळ्यात अडकली. आपल्या धरणांत आणि किनाऱ्यालगत टाकून दिलेली मासेमारीची जाळी किती असतात ते कुणाही भोई बांधवाला विचारा. मग दोरीने तुम्हीही अडकलात. तिसरं, सैल दोरी पंख्यात जाते. जाळीतून बोट जात नाही, पण दोरी आणि मोकळे केस आरामात जातात.

स्कूटर हरवू नये याला दुसरा उपाय आहे. ती किंचित तरंगणारी ठेवा. सुटली की आपली आपण वर येईल, वर थांबलेला जोडीदार उचलेल. त्यावर भडक नारिंगी पट्टी चिकटवा. जोराचा वारा आणि प्रवाह असेल त्या दिवशी स्कूटर न्यायचीच नाही. दोरी हवीच असेल तर वेल्क्रोच्या पट्ट्याची, एका हिसक्यात फाटून सुटणारी, आणि तो हिसका दुसऱ्या हाताने जमतो हे आधी उथळ पाण्यात करून बघितलेली.

हरिपूरचा_बाळ्या

पटलं. पण हिशेबाने किती तरंगली पायजे?

अर्किमिडीजचा_पुतण्या

(मास्तर आहे, फळा दिसला की राहवत नाही.)

समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड. लिटरमागे २५ ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. माहुलीकरांची स्कूटर ८ किलोची. समजा ती समुद्रात २५० ग्रॅम तरंगते, म्हणजे ८.२५ किलो समुद्राचं पाणी बाजूला सारते. तिचं आकारमान आलं ८.०५ लिटर. तीच विहिरीत टाका: ८.०५ किलो पाणी सारणार, तरंगणार जेमतेम ५० ग्रॅम. मुठीला एक कॅमेरा लावला की बुडाली. उलट विहिरीत अगदी समतोल बसवलेली स्कूटर समुद्रात २०० ग्रॅम तरंगते, जी दमसास ताईंना हवी तेवढीच आहे. म्हणजे विहिरीत ना वर ना खाली अशी जमवा, मालवणात आपोआप बरोबर होईल. पण विहिरीतल्या चाचणीत तिला वेगळी दोरी बांधा, नाहीतर गाळात शोधत बसाल.

आता बॅटरीचा फटका. १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड दोन किलोच्या थोडी वर भरते, २.१ धरू. काकांचे चार सेल, तारा, बीएमएस, पट्ट्या मिळून ६०० ग्रॅम. दीड किलो कमी झालं. एवढ्याने ती स्कूटर राहणार नाही, बोया होईल, आणि तिला खाली दाबतच तुमचा दम जाईल. दीड किलो शिसं परत घालावं लागेल, आणि ते जुनी बॅटरी होती नेमक्या त्या जागी. नाहीतर नाक वर किंवा शेपूट वर. शिसं कवचाबाहेर लावलं तर ते स्वतःही पाणी सारतं, मग साधारण १ किलो ६५० ग्रॅम लागेल. बाहेर लावल्याचा फायदा एकच, कमीजास्त करता येतं.

माहुलीकर

म्हणजे लिथियम लावून हलकी करायची आणि मग शिसं घालून जड करायची! बायको विचारतेय की मग जुनी बॅटरी काय वाईट होती.

वाइंडिंगवाला

वहिनींचा मुद्दा खरा आहे. घाई नसेल तर पहिला हंगाम नव्या लेड-ॲसिडवरच काढा. दमत येते, आगाऊ सांगून बंद पडते. मूठ आणि चावी मात्र आधी करा.

शेततळं

आटपाडी तालुक्यातून. कुणाच्या डोक्यात शेततळ्यात चाचणी घ्यायचं येण्याआधी सांगतो: नको. आमच्याकडे डाळिंबाला शेततळी आहेत. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, कडा उतरत्या. पट्टीच्या पोहणाऱ्याला सुद्धा बाहेर येता येत नाही, पाय टेकतो आणि घसरतो. दरवर्षी पोरं जातात. शिवाय पंख्याची जाळी कागदाला घासली तर तळं रिकामं, आणि मालक काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही. घ्यायचीच असेल तर काठावर खुंटीला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून आणि दोन माणसं वर ठेवून, फक्त तरंगते का ते बघायला. पोहायला नाही.

माहुलीकर

धन्यवाद दादा, शेततळं बाद. मग कोयनेचं पाणी? तापोळा, बामणोलीला बोटी चालतात. हिवाळ्यात पाणी नितळ असतं.

दमसास

शिवसागर जलाशय सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, चांदोलीचा वसंतसागरही. बोटीचा परवाना वेगळा आणि पाण्यात उतरणं वेगळं. धरणाच्या भिंतीजवळ तर विचारूही नका. धोम, कण्हेर, उरमोडी इथेही जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. परवानगी मिळाली तरी खाली बुडालेली झाडं, जुन्या घरांच्या भिंती, जाळी. मोटर घेऊन तिथे डोकं खाली करून जायची माझी हिंमत नाही.

पोहण्याचा तलाव घ्या. मूठ, खटका, चावी, समतोल हे सगळं तीन मीटरच्या पाण्यात कळतं. फक्त दाब कळत नाही.

वाइंडिंगवाला

दाबासाठी माणूस कशाला उतरवायचा? पंपाचं कवच आम्ही कामाच्या दाबाच्या दीडपटीने पाण्याने तपासतो, तेव्हा आत कुणी बसलेलं नसतं.

बॅटरी, मोटरचा ड्रायव्हर सगळं काढा. रिकाम्या पोटात वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवा. झाकण लावा, दगड बांधा, खोल विहिरीत दोराने सोडा, तासभर ठेवा. वर काढून बाहेरून पुसून मग उघडा. कागद कोरडा असेल तर निम्मी लढाई जिंकली. कागदावर जिथे डाग पडेल तिथून पाण्याला वाट आहे. त्याआधी घरीच हाताच्या व्हॅक्यूम पंपाने थोडी हवा काढून अर्धा तास काटा बघत बसा. पाण्याचा दाब बाहेरून आत लागतो, व्हॅक्यूमही तसाच लागतो, म्हणून हवा भरून बघण्यापेक्षा ते बरं.

झाकणावर किती भार येतो बघा. २० मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला दोन किलो. झाकण १५ सेंटीमीटर व्यासाचं असेल तर साडेतीनशे किलो. म्हणून आतले दिवे बघायला कुणी पातळ ॲक्रिलिकची खिडकी लावा म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

ओ-रिंगची (झाकणाच्या रबरी कडीची) खोबण सुती कपड्याने पुसा, सिलिकॉन ग्रीस बोटाला लागेल न लागेल इतकंच. केसाचा एक तुकडा अडकला तरी पाणी आत येतं. शाफ्टचं ऑइल सील उलटं बसवणारे पुष्कळ भेटतात. ज्या बाजूला स्प्रिंग दिसते ती बाजू पाण्याकडे, म्हणजे दाब वाढला की ओठ शाफ्टला आवळतो. दोन सील लावून मधे ग्रीस भरलं तर उत्तम.

अवांतर: बोअरच्या पाणबुडी मोटरी शेकडो फुटांवर कशा टिकतात माहीत आहे का? आम्ही त्यात मुद्दाम पाणी भरतो. तारेवर प्लास्टिकचं आवरण, खाली रबराचा पडदा, आतला आणि बाहेरचा दाब सारखा. पाणी आत यायला भांडणच नाही. पुढेमागे ब्रशलेस मोटर घेतलीत तर स्टेटरला (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाला) इपॉक्सीचा थर देऊन ती उघड्या पाण्यातच फिरवता येते, सीलची कटकट जाते. बेअरिंग मात्र गंजतात, खारं पाणी लागलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं. ब्रशवाल्याला हा खेळ चालत नाही.

लिंबूटिंबू

मोटर भरणारे काका दर प्रतिसादाला फी घेत असते तर सांगलीत बंगला झाला असता.

हरिपूरचा_बाळ्या

एक विचार आला. २०१९ च्या पुरात आमी बोटीनं माणसं काढली. अशी स्कूटर बुडालेल्याला शोधायला कामाची हाय का?

दमसास

पुराच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, बाळ्या. वरून ओंडके, तारा, मेलेली जनावरं. स्कूटर म्हणजे डोळे झाकून वेगाने जाणं. तुम्ही गळ आणि दोर घेऊन जे करता तेच खरं.

कान_नाक_घसा

दवाखाना संपवून आत्ता सगळा धागा वाचला. दोन-तीन गोष्टी राहिल्यात.

कानाचं ताईंनी सांगितलं. माझी भर एवढीच की सर्दी असेल तर त्या दिवशी पाणी नाही. नाक मोकळं करायचं औषध मारून उतरणारे असतात. खाली असताना त्याचा असर गेला की वर येताना हवा कोंडते, आणि वर येणं तर पुढे ढकलता येत नाही. स्कूटरवर थांबायला वेळही मिळत नाही. कान दुखला की बोट सोडा, थांबा, एक मीटर वर या. जोर लावून फुंकू नका, पडदा फाटतो. पडदा फाटून थंड पाणी आत गेलं की गरगरतं, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही.

दुसरं, शुद्ध हरपणं. ते बहुतेक वेळा तळाशी होत नाही, वर येताना शेवटच्या दहा मीटरमध्ये किंवा वर आल्यावर होतं. तळाशी दाबामुळे प्राणवायू पुरेसा भासतो. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत त्याचा दाब निम्मा होतो आणि मेंदूचा दिवा जातो. आधी भराभरा श्वास घेतले असतील तर कर्बवायू उतरलेला असतो, मग श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाही मिळत नाही. म्हणून भराभर श्वास नको आणि एकट्याने कधीच नको. एक खाली, एक वर, आणि वरच्याला त्या खोलीपर्यंत उतरता आलं पाहिजे. काठावर मोबाईल घेऊन बसलेला मेहुणा हा जोडीदार नव्हे.

तिसरं स्कूटरवाल्यांपुरतं खास. एका दमाच्या डुबकीत नायट्रोजनचा त्रास होत नाही असा समज आहे. एखाद-दुसऱ्या डुबकीत सहसा होत नाही, पण खोल डुबक्या एकामागून एक, मधे थोडीच विश्रांती, असं तासन्‌तास केलं तर होतो. पॅसिफिकमधल्या तुआमोटू बेटांवरच्या मोती काढणाऱ्यांत त्याला तारावाना म्हणतात. चक्कर, अर्धांग, मृत्यूसुद्धा. पायांनी पोहणारा दमून थांबतो. स्कूटरवाला दमत नाही, म्हणून थांबत नाही, आणि वरही वेगाने येतो. स्कूटर घेऊन मासे मारणाऱ्यांना मेंदूचा असा त्रास झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. मधली विश्रांती डुबकीच्या निदान दुप्पट, खोल असेल तर कितीतरी जास्त.

आणि आपल्या भागापुरतं एक. दिवसभर खोल डुबक्या मारून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. सातारा सुमारे ७०० मीटर उंच आहे, महाबळेश्वर त्याच्या दुप्पट. हवेचा दाब कमी होतो, रक्तात उरलेल्या वायूला तेवढंच निमित्त पुरतं. रात्रीचा मुक्काम मालवणात. मासे खा, झोपा.

दमसास

डॉक्टरांना +१. वर येतानाचं एक जोडते. वजनाचा पट्टा असा लावा की दहा मीटरवर तुम्ही ना तरंगता ना बुडता. मग दहा मीटरवर आलात की मोटर सोडा आणि तिथून नुसते तरंगत या. मोटर शेवटपर्यंत दाबून बोटीच्या तळावर डोकं आपटणारे मी पाहिलेत.

माहुलीकर

मंडळी, प्रगती कळवतो. मूठ झाली: पूर्वीच्या दोन मुठींच्या मधे स्टेनलेसचा आडवा पाईप, त्यावर खटका. चुंबकाची चावीही झाली. कागद विहिरीतून कोरडा आला, मास्तरांच्या हिशेबाने समतोलही जमला. बॅटरी सध्या नवी लेड-ॲसिड (घरच्यांचा विजय). तलावात खटका सोडला की पंखा ताबडतोब थांबतो, चावी ओढली तरी थांबतो. स्कूटर सोडून तळावरून वर येण्याचा सराव चालू आहे.

अडचण एकच. एका हाताने धरली की स्कूटर अंगाभोवती वळायला बघते, मनगट पिरगळतं.

वाइंडिंगवाला

पंखा एका दिशेला फिरतो म्हणून कवच उलट्या दिशेला फिरायला बघतं. दोन हात होते तेव्हा ते तुम्ही नकळत आवरत होता. शिशाचा थोडा भाग अक्षाच्या खाली, पोटाच्या तळाला न्या, म्हणजे ती सरळ उभी राहायला बघेल. तेवढ्याने नाही भागलं तर मागे दोन उभ्या पट्ट्या, किंचित तिरक्या. आणि स्पीड कंट्रोलर अजून लावला नाहीत ना? तो लावा, वेग उतरला की पीळही उतरेल.

माहुलीकर

लावतो. जानेवारीत मालवण, दमसास ताई येणार आहेत. अजून एक जोडीदार हवा, किमान १५ मीटर उतरणारा.

हरिपूरचा_बाळ्या

मी येतो, पण बोटीत बसणार. दोर धरायला कुणीतरी पायजेच की.

दमसास

बाळ्याला घेऊ, पण तो जोडीदारात मोजायचा नाही. तिसरा माणूस मिळाला नाही तर आपण दोघं आळीपाळीने, एक खाली असताना दुसरा वर. आणि पहिला दिवस स्कूटर बोटीतच राहील. आधी फिन्सवर १५ बघू.

वाइंडिंगवाला

जाण्याआधी एकदा मिरजेला आणा. झाकणाची ओ-रिंग बदलून देतो. जुनी फोनवर दाखवू नका, खोबण कॅलिपरने मोजावी लागते.